गावठाणातली जागा की रानाकडेची? खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात मातीचं घर बांधताना

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं किंवा हेम्माडग्याच्या बाजूला घर बांधायचं मनात असलेले दोघं-तिघं गेल्या वर्षभरात घरी येऊन गेले. प्रश्न एकच. रानाला लागून असलेली मालकीची जमीन बिनशेती करून तिथं बांधावं, की गावठाणातल्या वडिलोपार्जित पडक्या जागेवर? माझ्याकडे दोन्ही जागा होत्या आणि दोन्हींसाठी मी हेलपाटे घातले. शेवटी गावठाणात बांधलं, तेव्हा मी अगदी तटस्थ आहे असं म्हणवत नाही. पण रानाकडच्या, वरच्या जागेतून दिसणारा डोंगर आजही डोळ्यासमोरून जात नाही, हेही सांगून टाकतो.

आधी एक भीती बाजूला ठेवू. पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राबद्दलच्या केंद्र सरकारच्या मसुद्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, आता वीटसुद्धा रचता येणार नाही. 2014 पासून हा मसुदा पुन्हा पुन्हा निघतोय, जुलै 2024 मध्येही निघाला, आणि आपल्या तालुक्यातली बरीच गावं त्यात आहेत. पण त्यातली बंदी खाणींवर, वाळू उपशावर, औष्णिक वीज प्रकल्पांवर, लाल वर्गातल्या, म्हणजे सर्वात जास्त प्रदूषण करणाऱ्या, कारखान्यांवर आणि 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. एका कुटुंबाचं कौलारू घर त्यात येत नाही. भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांची गोष्ट मात्र वेगळी. तिथले नियम निराळे आणि तिथल्या लोकांचे प्रश्नही निराळे, म्हणून त्याबद्दल मी बोलत नाही.

आता कागदांचा मार्ग. रानाकडच्या शेतजमिनीला कर्नाटकाच्या 1964 च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली डीसींकडून, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडून, बिनशेतीचा आदेश लागतो. जमीन सर्व्हे नंबरचा तुकडा असेल तर 11-ई नकाशा (त्या तुकड्याच्या मोजणीचा), रान लागून असेल तर वनखात्याचं ना हरकत, आणि मग पंचायतीचा बांधकाम परवाना. गावठाणात बिनशेतीचा टप्पाच नाही. हद्द ठरलेली असली आणि घरपट्टीची नोंद नीट असली, की ई-स्वत्तू या पंचायतीच्या मालमत्ता नोंदींच्या ऑनलाइन यंत्रणेवर फॉर्म 9 आणि 11 हे जागेचे उतारे मिळतात आणि गोष्ट पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, टेबलापर्यंत येते. फार्महाऊसची तिसरी वाटही आहे. शेतकऱ्याला आपल्या जमिनीच्या दहा टक्क्यांपर्यंत, ठरलेल्या कमाल मर्यादेत, बिनशेती न करता शेतघर बांधता येतं. खरोखर शेती करणाऱ्याला ती बरी पडते. माझी जेमतेम नाचणी आणि भात बघता मला तिचा आधार घेणं प्रामाणिक वाटलं नाही.

माझा निर्णय ज्यानं झाला ती अडचण रानाकडच्या जागेच्या संयुक्त मोजणीची, म्हणजे महसूल आणि वनखात्यानं मिळून करायच्या मोजणीची. माझ्या वरच्या तुकड्याला हद्दीचा एक चिऱ्याचा दगड आहे, करवंदीच्या जाळीत अर्धा गाडलेला, शेवाळानं काळा पडलेला. एका नकाशात तो दगड माझ्या वरच्या बांधावर येतो, दुसऱ्या नकाशात अकरा पावलं खाली. माझ्या आराखड्यातलं स्वयंपाकघर नेमकं त्या अकरा पावलांत होतं. कुठला नकाशा खरा हे ठरवायला दोन खात्यांचे दोन मोजणीदार एकाच दिवशी, एकाच दगडापाशी उभे राहावे लागतात. पहिल्या तारखेला एकजण आले, दुसऱ्यांना दुसरीकडे बोलावणं आलं. पुढच्या तारखेला दोघंही आले, पण जुन्या नकाशाची प्रत कार्यालयातच राहिली. तिसरी तारीख मेच्या शेवटी पडली आणि आदल्या रात्री वळवाच्या पावसानं ओढ्यावरची वाट वाहून नेली. त्यांच्यापैकी कुणी वाईट माणूस नव्हता. एकानं तर माझ्याकडे जेवून जाताना पुढच्या वेळी काय काय तयार ठेवायचं ते कागदावर लिहून दिलं.

पण पुढची वेळ म्हणजे पुढचं वर्ष. मृग लागला की आपल्याकडे मोजणी बंद. आपल्याच तालुक्यातल्या आमगावात 2010 साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला होता. अशा मुलखात दसऱ्यापर्यंत रानात साखळी ओढत कोण फिरणार? एक तारीख हुकली की वर्ष जातं, हा हिशेब मैदानातल्या लोकांना पटत नाही. बेळगावातल्या माझ्या इंजिनियर मित्रालाही तो दोन वर्षांनी पटला. तेवढ्या काळात चिऱ्याचा भाव वाढला आणि आईचे गुडघे थकले.

गावठाणात सगळं सुरळीत झालं असं नाही. तिथं अडचण माणसांची आणि शब्दांची. पंचायतीच्या बैठकीत चर्चा मराठीत होते, ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो. मी दाबलेल्या मातीच्या विटांचं घर म्हणून समजावून सांगितलं आणि ठरावात ते ‘कच्चा मने’ म्हणून उतरलं. शब्द लहान वाटतो, पण कच्चं घर म्हटल्यावर बँकेचं कर्ज तिथंच अडतं. शेजारच्या कन्नड शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवलं म्हणून लक्षात आलं. अशा विटांसाठी आयएस 1725 हे भारतीय मानक आहे आणि बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत मातीच्या विटांवर कित्येक वर्षं काम झालंय, एवढं अर्जाला जोडलं आणि पुढच्या बैठकीत दुरुस्ती झाली. जमल्यास ठराव लिहिला जात असताना शेजारी बसा, कन्नड वाचणारं माणूस बरोबर घेऊन.

गावकऱ्यांची शंका मात्र मला मनापासून पटली. 2019 च्या ऑगस्टमधल्या पावसात आपल्या भागात मातीची कितीतरी घरं बसली. ज्यांनी रात्रीतून म्हातारीला उचलून शाळेत नेलं, त्यांना मातीचं घर चांगलं असं कसं सांगायचं? मी त्यांना आमचीच पडकी भिंत दाखवली. वरचा भाग कोरडा आणि टणक होता, कुजला होता तो खालचा हातभर. गवताचं छप्पर काढून पत्रे घातले तेव्हा वळचण आखूड झाली आणि पाणी थेट पायाशी पडू लागलं. म्हणून आता जोतं अडीच फूट चिऱ्याचं, वर मातीच्या विटा, कौलांची वळचण तीन फूट पुढं. कौलं खानापूरचीच. दोन पावसाळे झाले. आतून भिंतीला हात लावला तर कोरडी लागते. यापलीकडे माझ्याकडे मोजमाप नाही.

रानाकडच्या जागेला गावाची परवानगी मिळणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कठीण होतं, आणि विरोध घराला नव्हता. पहिला प्रश्न पाणंदीचा: कुंपण आलं तर गुरं कुठून जाणार? दुसरा, हे पुढं रिसॉर्ट तर होणार नाही ना? चोर्ल्याच्या रस्त्याला काय काय उभं राहिलंय ते सगळ्यांनी पाहिलंय. मी पाणंद मोकळी सोडायचं लिहून दिलं असतं, पण माझ्यानंतरच्या मालकाचं मी काय लिहून देणार?

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. वरच्या जागेपर्यंत रस्ता नाही. रस्त्यासाठी चढ कापायचा, विजेचे खांब न्यायचे, मधली किंजळ नि जांभूळ काढायची. काही जाती सोडल्या तर मालकीच्या जमिनीतलं झाड तोडायलाही परवानगी लागते, आणि ती मागायला माझा हात पुढं होईना. सांडपाणी जांभ्यातून झिरपून ओढ्याला, ओढ्यातून मलप्रभेला. भिंती कितीही मातीच्या केल्या तरी हे सगळं त्या घराच्या खात्यावर लागणारच होतं. गावठाणात रस्ता, वीज, नळ दारात होते आणि जुन्या घराचा चिरा धुऊन परत वापरता आला.

तरी एखाद्याची हद्द स्वच्छ असेल, दोन्ही नकाशे जुळत असतील आणि बैलगाडीची वाट आधीपासून असेल, तर रानाकडची जागा वाईट म्हणता येणार नाही. एकांत तिथलाच खरा. गावठाणात शेजारच्या गिरणीचा आवाज सकाळी सातला सुरू होतो आणि माझ्या पडवीतून डोंगराचा फक्त एक कोपरा दिसतो. अशांनी दिवाळी झाली की लगेच मोजणीचा अर्ज द्यावा, दोन्ही नकाशांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात आणि हद्दीच्या दगडाभोवतीची जाळी आधीच साफ करून घ्यावी. माझ्या दगडाची मोजणी अजून व्हायची आहे. सध्या तिथं नाचणी आहे आणि गवे येतात.