सीस्टार एस ५० : कराडच्या गच्चीवरून दोन हंगाम

मणक्याची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. माझी आठ इंची आरशाची दुर्बीण बैठकीसकट वीस किलोंच्या पुढे. दोन वर्षं ती जिन्याखाली चादर पांघरून उभी होती आणि मी गच्चीवर नुसतीच जाऊन येत होते. झेडडब्ल्यूओ कंपनीची सीस्टार एस ५० ही छोटी दुर्बीण घेतली ती या कारणासाठी. वजन अडीच किलो. एका हातात ती, दुसऱ्या हाताने कठडा धरायचा, आणि मी वर.

दोन हंगाम वापरून झाली, म्हणून लिहिते. तेव्हा मला सगळं धरून साठ हजारांच्या आसपास पडली. घेताना आजचा भाव बघा.

ही दुर्बीण म्हणजे दुर्बीण, कॅमेरा, मोटर आणि संगणक एकाच खोक्यात. लेन्स ५० मिलिमीटरची, फोकल लेंथ २५० मिलिमीटर. तिवई सपाट लावायची, फोनवरच्या ॲपमध्ये आकाशातली वस्तू निवडायची. ती स्वतःच आकाशाचा फोटो काढून आपण कुठे बघतोय ते ओळखते, फोकस करते आणि दहा-दहा सेकंदांचे फोटो घेऊन एकावर एक रचत जाते. चार्जिंग टाइप-सी. थंडीत पहाटे दव पडतं तेव्हा लेन्स गरम ठेवायला आतच हीटर आहे. पूर्वी पहाटे तीनला हेअर ड्रायर घेऊन गच्चीवर धावलेल्या माणसाला त्याचं मोल कळेल.

आमच्या स्लॅबमधून वायफाय खाली पोचत नव्हतं. राउटर जिन्याच्या वळणावर हलवला आणि आता ती घरच्या वायफायवर चालते. मी आणि आई खाली खोलीत टॅबलेटवर चित्र उमटताना बघतो. आई ८१ वर्षांची. सप्तर्षींना ती अजून बाजलंच म्हणते आणि मागचे तीन चोर दाखवते.

आता मुद्द्याचं. तारकागुच्छांसाठी ही दुर्बीण डोळे झाकून घ्या. दीर्घिकांसाठी, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच पण तिच्या बाहेरच्या दूरच्या ताराविश्वांसाठी घेत असाल, तर पुढचं नीट वाचा.

आमच्या गल्लीत पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते, आता पांढरे एलईडी आहेत. सोडियमचा प्रकाश ठरावीक रंगाचा असल्याने फिल्टर लावून बराचसा अडवता यायचा. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, आणि दीर्घिकेचाही तसाच, कारण तो ताऱ्यांचाच प्रकाश. त्यामुळे दिव्याचा अडवायला गेलं की दीर्घिकेचाही अडतो. सीस्टारच्या आत एक फिल्टर आहे, पण तो हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या चमकत्या ढगांसाठी, म्हणजे मृगातल्या तेजोमेघासारख्या गोष्टींसाठी. अनेक नवे लोक तोच लावून देवयानी दीर्घिका टिपायला बसतात आणि निराश होतात. दीर्घिकेला तो बंदच ठेवा.

तारकागुच्छाचं तसं नाही. तारा म्हणजे टिंब. त्याचा प्रकाश एका ठिकाणी एकवटलेला असतो, त्यामुळे मागचं आकाश थोडं राखाडी असलं तरी टिंब उठून दिसतं. दीर्घिकेचा प्रकाश पसरलेला, पातळ. तो राखाडीत विरघळून जातो.

मे महिन्याच्या मध्यावर कराडहून रात्री साडेदहाला ओमेगा सेंटॉरी बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून २५ अंशांवर येतो. नरतुरंग तारकासमूहातला हा गोलाकार तारकागुच्छ, आपल्यापासून सुमारे १७,००० प्रकाशवर्षं दूर, आकाशगंगेतला सगळ्यात मोठा. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांच्या आकाशात तो उगवतच नाही, आपल्याला तो गच्चीवरून मिळतो. मी चाळीस मिनिटं दिली. पहिल्या दहा सेकंदांत धुरकट गोळा, पाच मिनिटांनी कडा फुटायला लागल्या, आणि मग वाळू सांडावी तसे तारे.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्ताच्या काचपट्टीवर मधे जाड भाग असतो, तिथे पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, मोजता येत नाहीत. कडेकडे सरकत गेलं की अशी एक जागा येते जिथे प्रत्येक पेशी सुटी दिसते. ओमेगा सेंटॉरीच्या त्या फोटोत मला नेमकी तीच जागा सापडली. गाभा दाट, पांढरा, आणि त्याच्या बाहेर एक कडं, जिथून पुढे तारे एकेकटे होतात. काही पिवळसर, एकदोन अगदी केशरी. मी चित्र मोठं करून कितीतरी वेळ त्या कड्यावरून फिरत होते. त्या रात्री मला फार आनंद झाला.

त्याच रात्री दुर्बीण ईशान्येला वळवून शौरी तारकासमूहातला एम १३ हा गुच्छ घेतला (एम आणि एनजीसी ही आकाशातल्या वस्तूंच्या याद्यांची नावं), तोही देखणा. हिवाळ्यात ययाती तारकासमूहातली जोडगोळी उभ्या चौकटीत दोन्ही गुच्छांसकट मावते. कृत्तिका मात्र दाटीवाटीने बसतात, तिथे मोझेक, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून मोठं चित्र, वापरावं लागतं.

दीर्घिकांकडे येते. सिंहेतलं त्रिकूट, एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८, सुमारे साडेतीन कोटी प्रकाशवर्षं दूर. तिन्ही एकाच चौकटीत येतात, त्यामुळे सीस्टारसाठी ते अगदी मापाचं लक्ष्य. मार्चमध्ये गच्चीवरून तासभर दिला. पहिल्या दोन दीर्घिका लगेच आल्या, दोन पुसट ठिपके, मधे उजळ. तिसरी आहे की नाही हे मला ठरवता येईना. शिवाय उसाच्या फडात पाचट पेटवलेलं, पूर्वेला धूर.

पुढच्या अमावास्येला पाटणच्या पुढे मामेभावाच्या घरी गेले. तिथे अंगणात एकच बल्ब, तो त्याने काढूनच ठेवला. दोन रात्री मिळून साडेचार तास जमा केले. एनजीसी ३६२८ आपल्याला कडेने दिसते, तिच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा जातो. तो पट्टा दुसऱ्या रात्री पावणेअकराच्या सुमाराला उमटला. आधी वाटलं, दोन वेगळ्या रेघा आहेत. मग लक्षात आलं, रेघ एकच आहे आणि तिला मधून चीर आहे. मामेभाऊ शेजारी उभा होता. तो म्हणाला, "ताई, सोललेल्या हरभऱ्यागत दिसतंय." खरंच तसं दिसत होतं.

वेळ चौपट दिला की चित्र दुप्पट स्वच्छ होतं, हा साधा हिशोब. तासाभरात जे मिळालं त्याच्या दुप्पट चांगलं हवं तर चार तास, त्याच्याही दुप्पट हवं तर सोळा. काळ्या आकाशाखाली हीच मजल फार लवकर गाठता येते. माझ्या मते दीर्घिकेसाठी एस.टी.चं तिकीट हे दुर्बिणीवरच्या कुठल्याही जास्तीच्या खर्चापेक्षा जास्त कामाचं.

आपल्या अक्षांशावर एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. सीस्टार आडवी आणि उभी अशी फिरते, त्यामुळे रात्र सरते तशी चौकटीत आकाश गोल फिरत जातं. पूर्वेला किंवा पश्चिमेला हे फिरणं जवळजवळ शून्य असतं, अगदी डोक्यावर फार जोरात. आणि सिंहेतलं त्रिकूट आपल्याकडे जवळपास डोक्यावरूनच जातं. म्हणून मी साडेआठला, ते पूर्वेला हातभर वर आलं की सुरू करते आणि सव्वाअकराच्या आत थांबवते. वर पोचल्यावर घेतलेले बरेच फोटो फुकट जातात. यावर उपाय म्हणून तिवई ध्रुवाकडे कलती करून चालवायची सोय नंतरच्या अपडेटमध्ये आली. पण कराडला ध्रुव जेमतेम १७ अंशांवर. म्हणजे दुर्बीण जवळजवळ आडवीच करावी लागते आणि तोल जाण्याची भीती. शिवाय आमचा ध्रुव शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. मी त्या वाटेला गेले नाही.

सेन्सर लहान आहे, चित्र १०८० बाय १९२० पिक्सेलचं. फोनवर सुंदर दिसतं, भिंतीवर मोठं लावायला पुरत नाही. एम ५१ सारखी दीर्घिका त्यात पावणेतीनशे पिक्सेलांत आटोपते. देवयानी दीर्घिका उलट, तीन अंश पसरलेली, चौकटीच्या दुपटीहून मोठी. तिला मोझेक आणि दोनतीन रात्री हव्यात. ॲपमधलं तयार चित्र मी कधीच अंतिम धरत नाही. मूळ फाइल संगणकावर घेऊन सिरिल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बसते. दिव्यांमुळे चित्राच्या एका कडेला येणारा उजेडाचा उतार काढला की निम्मं काम झालं.

आणि एक उणीव मला मनापासून जाणवते. हिला डोळा लावायला जागाच नाही. ओमेगा सेंटॉरीचा फोटो बघून आईने विचारलं, "यातलं नुसतं काय दिसतं गं?" मग पाटणला गेलो तेव्हा तिला १० बाय ५० ची द्विनेत्री दिली आणि अंगणात खुर्चीवर बसवलं. तिला तो धुरकट गोळा दिसला. टॅबलेटवरच्या हजारो ताऱ्यांपेक्षा त्या गोळ्याबद्दल ती जास्त बोलली. नवीन कुणी सीस्टार घेणार असेल तर सोबत एक द्विनेत्री घ्याच.

आता मृग लागेल. दुर्बीण पुसून, सिलिका जेलच्या चार पुड्या घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली आहे. आपल्या पावसात लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर तापवते. डबा उघडेन कोजागरीनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्यात. दिवाळीच्या फटाक्यांचा धूर यायच्या आधी देवयानीच्या तीन रात्री हव्यात, मामेभावाला आत्ताच सांगून ठेवलंय.