तीन कॅमेरे आणि एक बाटली: जेम्सटाउनचं ल्युसी-देसी म्युझियम

माझी लेक अमेरिकेत बफेलोला असते. तिथून गाडीने दीडेक तासावर जेम्सटाउन, टीव्हीवरची जुनी विनोदी अभिनेत्री ल्युसिल बॉल हिचं जन्मगाव. तिथे तिचं आणि तिचा नवरा देसी ह्याचं म्युझियम आहे. "बाबा, नायगारा तिसऱ्यांदा बघायचा की हे?" असं तिने विचारल्यावर मी क्षणाचाही विचार केला नाही. सबंध नोकरी मुंबईत मालिकांच्या एडिटिंगमध्ये गेली, दुसरं काय म्हणणार! सौ. नायगाऱ्याच्या बाजूने होती, पण दोनास एक.

म्युझियम गावात मध्यावरच आहे, थर्ड स्ट्रीटवर. फार मोठं नाही. माणसाला दोन तास पुरतील, मला साडेतीन लागले. 'आय लव्ह ल्युसी' ह्या दोघांच्या गाजलेल्या मालिकेचे सेट पुन्हा उभे केलेत: न्यूयॉर्कचा तो फ्लॅट, हॉलिवूडच्या हॉटेलातली खोली. मालिका काळी-पांढरी पाहिलेली, त्यामुळे तोच दिवाणखाना रंगीत दिसला की भलत्याच घरात शिरल्यासारखं होतं.

लेकीने मला 'व्हिटामीटाव्हेजामिन'च्या बाटलीशी उभं केलं. 1952 च्या त्या भागात ल्युसी टॉनिकची जाहिरात करते, दर तालमीला चमचाभर पिते, आणि त्यात 23 टक्के अल्कोहोल निघतं. इथे तुम्हीही तो मजकूर म्हणून बघू शकता. मी नावातच दोनदा अडखळलो, तेही कोरड्या घशाने! बाईची जीभ मात्र घसरते ती अगदी ठरल्या जागी, ठरल्या अक्षरावर. तिथे उभं राहिल्याशिवाय हे कळत नाही. लाज सोडा आणि उभे राहा.

मी रेंगाळलो ते मात्र सेटवरच. 15 ऑक्टोबर 1951 ला मालिका सुरू झाली तेव्हा बाकीचे बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे. ह्या नवरा-बायकोला हॉलिवूड सोडायचं नव्हतं. मग 35 मिलिमीटर फिल्म, तीन कॅमेरे एकदम चालू, समोर खरे प्रेक्षक. कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडने प्रकाश असा पसरला की तिन्ही कॅमेऱ्यांना एकदम चालावा. एडिटर डॅन कॅनकडे तीन तोंडांचं मुव्हिओला (फिल्म बघत कापायचं यंत्र) होतं, त्याला ते 'तीन डोक्यांचा राक्षस' म्हणत. वाचून मला त्या अनोळखी माणसाबद्दल सख्ख्या भावासारखं वाटलं.

खर्च वाढला म्हणून दोघांनी मानधन कमी घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. जुने भाग पुन्हा दाखवून पैसे मिळतात हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. आमच्याकडे टेपा पुसून त्यावरच पुढचं रेकॉर्डिंग व्हायचं. मी स्वतः पुसल्यात, म्हणून हे जरा लागलं.

लोक तिच्या चेहऱ्यावर हसतात, हसावंच. पण पंधराच्या आसपास न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेने परत धाडलेली ही मुलगी पुढे सिनेमात वर्षानुवर्षं दुय्यम दर्जाच्या चित्रपटांची राणी म्हणवली गेली, आणि टीव्हीवर आली तेव्हा चाळिशी पार होती. आपल्याकडे त्या वयात नायिकेच्या आईचा रोल येतो. 19 जानेवारी 1953 ला पडद्यावर ल्युसीला मुलगा झाला, त्याच दिवशी खराही झाला. 'गरोदर' हा शब्द मात्र उच्चारायची सोय नव्हती! 1960 मध्ये घटस्फोट. 1962 मध्ये देसीचा वाटा विकत घेऊन बाई दोघांच्या देसिलू स्टुडिओची अध्यक्ष झाली. 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली मालिका त्याच स्टुडिओतून 1966 मध्ये आली. 1986 ची शेवटची मालिका काही आठवड्यांत बंद पडली. ती मी पाहिलेली नाही, पाहायचीही नाही.

जवळच विनोदाचं राष्ट्रीय केंद्र आहे, 2018 मध्ये उघडलेलं. पाय दुखत होते, बाहेरूनच पाहिलं. जेवणाचं सांगतो: शाकाहारी असाल तर पोळी-भाजी बरोबर न्या. एका ठिकाणी 'व्हेज सॅलड' म्हणून मागवलं त्यात कोंबडी निघाली, आणि वाढणाऱ्या मुलाला चूक काय तेच कळेना.

परतताना शेजारच्या सेलोरॉनमध्ये नक्की थांबा, तिचं बालपण तिथलं. बागेत तिचे दोन पुतळे आहेत. 2009 चा पहिला इतका भयंकर निघाला की लोकांनी त्याला 'भेसूर ल्युसी' नाव ठेवलं, आणि शिल्पकाराला जाहीर माफी मागावी लागली. 2016 मध्ये दुसरा, देखणा बसवला, पण जुनाही बागेतच ठेवलाय, हातात बाटली न् चमचा घेऊन.

सौ. दिवसभर गप्प होती. देखण्या पुतळ्याजवळून सरळ पुढे गेली आणि त्या भेसूर बाईच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. "अहो, बघत काय बसलाय? हिच्याबरोबर काढा."