शेतकरी गटाचं धान्य दुकान, अमळनेर : दादर ज्वारीला पैकीच्या पैकी, पाटीला नाही

मी जेवणाचे डबे देते, त्यामुळे धान्याच्या दुकानाकडे हौसेने नाही, हिशेबाने बघते. अमळनेरात एका शेतकरी गटाने चालवलेल्या या सेंद्रिय मालाच्या दुकानातून मी वर्षभर दादर (म्हणजे रब्बीची ज्वारी), उडीद आणि तूरडाळ भरतेय.

आधी दादर. तापीकाठच्या काळ्या रानातली, नुसत्या ओलीवर आलेली. पिठाला चिकटपणा असा की थापताना भाकरीच्या कडा फाटत नाहीत, आणि सकाळी भरलेला डबा दुपारी उघडला तरी भाकरी वातड होत नाही. उडीद घालून दळली तर कळण्याच्या भाकरीसाठी याहून चांगलं पीठ मला गावात मिळालेलं नाही. डाळ मात्र निवडून घ्या, खडे निघतात. पॉलिश नसल्याने शिजायलाही वेळ घेते, पण चव खरी तुरीची. हिवाळ्यात भरताची हिरवी वांगी येतात, त्यांत किडकी असतातच. फवारलेलं नाही तर अळी येणारच, बघून उचला.

आता भाव. दादर बाजारापेक्षा किलोमागे 15 रुपयांनी महाग, डाळ त्याहून जास्त. ‘सेंद्रियच्या नावाखाली लूट’ असं बरेच जण म्हणतात. गल्ल्यावरच्या दादांशी बोलून मी हिशेब मांडला. सेंद्रिय शेतीला मदत देणाऱ्या केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेत 3 वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये धरलेत. त्यातले शेणखत, बियाणं वगैरेसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात यायचे ते 15,000. म्हणजे एकरी वर्षाला साधारण 2,000. एवढ्यात शेणखताची एक ट्रॉली तरी पडते का, कुणाही शेतकऱ्याला विचारा. तिकडे युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण बाकीची किंमत सरकार भरतं. रासायनिकवाल्याला सवलत गोणी उचलतानाच मिळते. सेंद्रियवाल्याने आधी पदरचे घालायचे आणि मग हप्त्याची वाट बघायची. या गटाचा एक हप्ता कागदांत अडकलाय. विचारलं तर दादा हसून म्हणाले, “ताई, पैसा येतीन, पन कव्हय ते देवलेच माहीत.”

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला 2,481 कोटींची मंजुरी दिली. आनंदच आहे. पण पैसा मृगाच्या आत खात्यावर आला तर उपयोग. दिवाळीला आलेल्या हप्त्याने खरीप पेरता येत नाही, उसनवारी तेवढी फिटते.

एक गोष्ट खटकली. पाटीवर सरसकट ‘सेंद्रिय’ लिहिलंय, पण काही पाकिटांवर शिक्का आहे पीजीएस ग्रीनचा. हा रूपांतराच्या वर्षांतला माल. रासायनिक खतं-औषधं बंद केलेली, पण पूर्ण सेंद्रियचा शिक्का अजून मिळायचा आहे. पीजीएस म्हणजे सहभागी हमी पद्धत. तीत गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, म्हणून बाहेरच्या संस्थेची मोठी फी वाचते. मला त्यात काही वावगं वाटत नाही, ह्याच वर्षांत उत्पन्न घटतं आणि गिऱ्हाईक लागतं. फक्त पाटीवर तसं लिहा ना! लोक घेतील. मी तरी घेईन.

वजनकाटा चोख. पिशवी घरून न्या. दुपारी दुकान बंद असतं आणि फोन कुणी उचलत नाही. नवी दादर मार्चच्या सुमारास येते. वर्षाचं पोतं भरायचं असेल तर डिसेंबरातच नाव लिहून अर्धे पैसे देऊन ठेवा. मी तसंच करते. भाव तोच पडतो, आणि रब्बीच्या खर्चाला त्यांच्या हातात रोकड राहते.