लँटर्न : जुन्या भयपटांच्या अभ्यासकांसाठी एक मोफत शोधयंत्र

हॉलिवूडच्या जुन्या भयपटांवरच्या लेखनात तेच ते ठरलेले किस्से फिरत राहतात. ते चित्रपट प्रदर्शित झाले तेव्हा प्रत्यक्षात काय छापून आले होते हे मुळातून पाहायचे असेल, तर ‘लँटर्न’इतके उपयुक्त साधन माझ्या तरी पाहण्यात नाही. डेव्हिड पिअर्स यांनी स्थापन केलेल्या ‘मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी’चे हे शोधयंत्र २०१३ मध्ये सुरू झाले, आणि विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात एरिक हॉइट यांच्या पुढाकाराने ते वाढले. चित्रपट आणि नभोवाणीविषयक नियतकालिकांच्या वीस लाखांहून अधिक पानांत ते शोध घेते आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

‘फ्रँकेन्स्टाइन’फेम भयपट-अभिनेते बोरिस कार्लॉफ यांचे ‘कार्लॉफ’ हे नाव देऊन काळ १९३१ ते १९३५ असा मर्यादित केला, की मजकुराच्या तुकड्यासह पानांची चित्रे समोर येतात आणि तेथून थेट मूळ अंकात जाता येते. माझ्या मते खरा ऐवज आहे तो ‘मोशन पिक्चर हेरल्ड’ या चित्रपट व्यवसायाच्या नियतकालिकामधल्या ‘व्हॉट द पिक्चर डिड फॉर मी’ या सदरात. गावोगावचे चित्रपटगृहचालक कोणत्या चित्रपटाने गल्ला भरला आणि कोणत्या चित्रपटाने निराशा केली हे तेथे रोखठोक लिहीत, त्यामुळे त्याच अंकातल्या स्टुडिओच्या झगमगीत जाहिराती शेजारी ठेवून वाचण्यात वेगळीच गंमत येते.

मोजणीच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. हॉइट आणि मंडळींनी कॅनडातल्या कॉनकॉर्डिया विद्यापीठाच्या सहकार्याने केलेला ‘आर्कलाइट’ प्रकल्प एखादे नाव दरवर्षी किती पानांवर आले याचा आलेख काढण्यासाठीच होता. पण मूकपटांच्या काळातले भयपट-अभिनेते लॉन चेनी १९३० मध्ये वारले आणि १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये त्यांचा मुलगा ‘ज्युनिअर’ गाळून त्याच नावाने झळकला, हे यंत्राला कसे कळावे? शिवाय पैसे देऊन छापलेली जाहिरात आणि समीक्षकाने मनापासून केलेली स्तुती यांचे वजन मोजणीत सारखेच पडते, आणि उपलब्ध पानांची संख्या दरवर्षी वेगळी असल्यामुळे नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. अनेक स्तंभांची दाटीवाटीची छपाई संगणकाला नेहमीच अचूक वाचता येत नाही, तेव्हा चुकीची स्पेलिंगेही शोधून पाहावीत.

संग्रहाचा भर अमेरिकेवर आणि स्वामित्वहक्क संपलेल्या अंकांवर असल्याने १९६० च्या दशकानंतरच्या भयपटांसाठी तो फारसा कामाचा नाही. मुंबईच्या बाबूराव पटेलांचे ‘फिल्मइंडिया’ मात्र त्यात आहे, आणि ते चाळायला बसले की मूळ विषय हमखास बाजूला राहतो. ज्यांना पायथन ही संगणकभाषा थोडीफार येते त्यांनी ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या मोफत डिजिटल ग्रंथालयावरून अंकांचा साधा मजकूर उतरवून घ्यावा आणि मोजणी स्वतःच करावी.