राज्याचं किमान वेतन दरपत्रक कोकणात कितपत चालतं?

महाराष्ट्राच्या कामगार विभागाचं किमान वेतन दरपत्रक दुकानदार, हॉटेलवाले, काजू कारखानदार, ठेकेदार आणि त्यांच्याकडे कामाला असणारी माणसं, सगळ्यांनाच वापरावं लागतं. त्याला पर्याय नाही. म्हणून एक सेवा म्हणून ते रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर किती उपयोगी पडतं, हे इथे तपासलं आहे. आमचे गुण पाचपैकी अडीच. हिशोबाची पद्धत चांगली आहे, पण भूगोल चुकला आहे.

आधी वापर. पहिल्यांदा आपला उद्योग शोधायचा. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली राज्यात ६७ अनुसूचित, म्हणजे यादीत घातलेले, उद्योग होते आणि प्रत्येकाचा दर वेगळा ठरलेला. मग परिमंडळ, म्हणजे गाव-शहराप्रमाणे पाडलेला दराचा विभाग, त्यानंतर कामगाराचा वर्ग: कुशल, अर्धकुशल की अकुशल. मूळ दर मिळाला की त्यात विशेष भत्ता मिळवायचा. हा भत्ता महागाई निर्देशांकावर ठरतो आणि १ जानेवारी व १ जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. आस्थापनेत ५० किंवा जास्त कामगार असतील तर ५ टक्के घरभाडे भत्ता वेगळा. जादा कामाला दुप्पट दर.

रोजंदारी काढायची तर महिन्याच्या दराला २६ ने भागायचं, कारण साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यातच धरलेला असतो. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी २०१९ च्या अधिसूचनेत अकुशल कामगाराचा मूळ दर परिमंडळ १ मध्ये १०,०२१ रुपये, २ मध्ये ९,४२५ आणि ३ मध्ये ८,८२८ रुपये होता. परिमंडळ ३ चे ८,८२८ भागिले २६ म्हणजे रोजचे ३३९ रुपये ५४ पैसे. तेच ३० ने भागलं की २९४ रुपये २७ पैसे. २६ दिवस भरलेल्या माणसाचे महिन्याला जवळजवळ ११७७ रुपये जातात आणि पगारपत्रक वरवर पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही. शहर आणि खेडं यांच्या मूळ दरातला फरकसुद्धा ११९३ रुपयांचाच आहे. म्हणजे खेड्यातल्या कामगाराला भागाकाराच्या एका चुकीने दुसऱ्यांदा तेवढाच फटका.

दुसरी नेहमीची चूक पर्यटनाच्या पट्ट्यात दिसते. जेवण आणि राहायला खोली दिली म्हणून तेवढे पैसे किमान दरातून परस्पर वजा केले जातात. १९४८ च्या कायद्यानुसार किमान वेतन रोखीतच द्यायचं असे. वस्तुरूपात द्यायला शासनाची अधिसूचना लागे. मालकाच्या डोक्यातला ‘सगळं धरून’ पगार हा किमान वेतनाचा पुरावा होत नाही.

आता परिमंडळ. दुकानांच्या अधिसूचनेत महानगरपालिका आणि कटक मंडळं (लष्करी छावण्यांचे भाग) पहिल्या परिमंडळात, नगरपरिषदा दुसऱ्यात, बाकी सगळं तिसऱ्यात. म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेला दर ठरवण्याचा अधिकार शून्य, पण गावात कुठली संस्था आहे यावर पगार ठरतो. मालवणला नगरपरिषद, म्हणून बाजारपेठेतल्या दुकानात मोजमाप करणारी मुलगी परिमंडळ २ मध्ये. तारकर्ली काही किलोमीटरवर, तिथे ग्रामपंचायत, म्हणून तिथल्या दुकानातली मुलगी परिमंडळ ३ मध्ये. दोघींच्या मूळ दरात ५९७ रुपयांचा फरक, आणि हंगामात खोल्यांचे भाव तारकर्लीत चढलेले असतात. गणपतीपुळ्यालाही हेच लागू. नगरपंचायतींचं आणखी वेगळं: कुडाळ, कणकवली, दापोली, गुहागर, लांजा, देवरूख इथे नगरपंचायती आहेत. आपल्या उद्योगाच्या अधिसूचनेत त्यांचा उल्लेख कुठे आहे ते शब्दशः वाचून घ्यावं, कारण परिमंडळाची व्याख्या उद्योगागणिक बदलते. अंदाजाने भरलेला तक्ता तपासणीत टिकत नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांत एकही महानगरपालिका नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली आणि आजूबाजूची गावं तिच्या हद्दीत आली. अशा वेळी त्याच गल्लीतल्या, त्याच दुकानातल्या माणसाचं परिमंडळ बदलतं. तांदूळ काही त्या दिवशी महाग झालेला नसतो.

खेड्यात जगणं स्वस्त, या गृहीतावर ही सगळी मांडणी उभी आहे. किनाऱ्यावर ते गृहीत लंगडं पडतं. सिंधुदुर्गाच्या बाजारात भाजी मोठ्या प्रमाणात कोल्हापूर आणि बेळगावहून घाट उतरून येते. वाहतूक आणि नासाडी धरून तिचा भाव वाढतो. कोल्हापूर महानगरपालिका, म्हणजे परिमंडळ १. भाजी जिथे उतरते ते गाव परिमंडळ ३. माल खाली येताना महाग होतो आणि पगार खाली येताना कमी होतो, याचं समर्थन आम्हाला तरी सापडत नाही. महागाई मोजणंही दूरूनच. केंद्राच्या कामगार ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा निर्देशांक देशातल्या ८८ केंद्रांवरच्या भावांवरून निघतो. त्यात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर आहेत. रत्नागिरी नाही, सिंधुदुर्ग नाही.

सीमेपलीकडेही पाहा. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा रोजचा दर महाराष्ट्रात ३१२ रुपये आणि गोव्यात ३७८ होता. बांद्याहून गोव्याच्या सीमेवरचं पत्रादेवी ओलांडलं की ६६ रुपयांचा फरक. सावंतवाडी, दोडामार्ग, बांदा इथली तरुण पोरं रोज मोटरसायकलने गोव्यात कामाला जातात, आणि इकडचे हॉटेलवाले ‘माणूस मिळत नाही’ म्हणतात. ज्या दराने आपण बोलावतो त्या दराने माणूस मिळत नाही, एवढंच ते खरं आहे.

मग दर स्थानिक पातळीवर ठरवावेत का? ग्रामपंचायतीकडे हे काम देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ग्रामपंचायत स्वतःच मालक आहे: पाणी सोडणारा, दिवाबत्ती पाहणारा, सफाई करणारा, हे सगळे तिचेच कर्मचारी. त्यांच्या किमान वेतनाचा शासनाकडून येणारा हिस्साही करवसुलीशी जोडलेला असतो. वसुली ढेपाळली की पगार थकतो. अशा संस्थेने स्वतःच दर ठरवायचा म्हटलं तर तो खालीच राहणार. शिवाय शेजारच्या दोन गावांचे दर वेगळे झाले तर धंदा नाही तरी कागदावरचा पत्ता लगेच सरकेल.

जिल्हा मात्र योग्य माप आहे. जपानमध्ये ४७ प्रांतांचे वेगवेगळे किमान दर आहेत. इंडोनेशियात जिल्हा आणि शहराचे दर असतात, जाहीर करतो प्रांताचा गव्हर्नर. अमेरिकेत सिएटलसारखी शहरं राज्यापेक्षा वरचा दर लावतात. या तिन्हींपैकी आपल्याला इंडोनेशियाचा आराखडा जवळचा: राज्याचा दर तळ म्हणून कायम, त्याखाली कोणी जायचं नाही, वर किती जायचं ते जिल्ह्याच्या भावांवरून.

यासाठी नवा कायदाही नको. १९४८ च्या कायद्याच्या जागी आलेली केंद्राची वेतन संहिता २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात अनुसूचित उद्योगांची यादी उरत नाही, किमान वेतन सगळ्याच कामगारांना लागू होतं, आणि दर ठरवताना कौशल्याबरोबर भौगोलिक क्षेत्र पाहण्याची मुभा आहे. केंद्र तळाचा दर ठरवणार, राज्य त्याच्या वर. म्हणजे राज्याने मनात आणलं तर कोकण किनारपट्टी हे स्वतंत्र क्षेत्र एका अधिसूचनेने होऊ शकतं. फेरआढावा पाच वर्षांच्या आत घ्यावा, हे जुन्या कायद्यातही होतं. तरी दुकानांचे दर २०१० नंतर थेट २०१९ ला बदलले. जिल्ह्याचा दर मागताना ही मुदतही मागावी, नाहीतर भत्ता वाढत राहतो आणि मूळ दर जागच्या जागी.

तोवर आहे तेच दरपत्रक नीट वापरा. मालकांनी जानेवारी आणि जुलैचा पगार काढण्याआधी नवा विशेष भत्ता पाहावा आणि पगारपत्रकात मूळ दर व भत्ता दोन वेगळ्या रकान्यांत लिहावा. कामगारांनी महिन्याची पावती जपावी आणि हजेरी स्वतःच्या वहीत तारीखवार लिहावी. काजू फोडणाऱ्या बायकांसारखी किलोवर मजुरी असेल तर किती किलो झाले आणि किती तास लागले, दोन्ही लिहावं. दिवसाची कमाई वेळेच्या किमान दरापेक्षा खाली जाते का, ते त्यातूनच कळतं. कमी मिळालेल्या वेतनाचा दावा जुन्या कायद्यात सहा महिन्यांत करावा लागे, संहितेत तीन वर्षांची मुदत आहे. म्हणून या वह्या हंगाम संपला तरी रद्दीत घालू नयेत.