माळ, पारायण, विपश्यना की अणुव्रतं? कोल्हापुरात राहून मार्ग निवडताना

मार्ग काय देतो हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. शांती, समाधान, मनाची ताकद ही उत्तरं सगळीकडे सारखीच असल्यामुळे त्यावरून निवड होत नाही. मार्ग रोज काय मागतो ते विचारा: पहाटेचा किती वेळ, ताटातलं काय काय, घरच्यांनी किती सांभाळून घ्यायचं आणि कुणाचा शब्द प्रमाण मानायचा. खालची तुलना या चार गोष्टींवर केली आहे. तत्त्वज्ञान महत्त्वाचं आहेच, पण ते नेम पाळता पाळता उलगडत जातं. नेमच टिकला नाही तर कितीही वाचलं तरी माणूस सहा महिन्यांत होता तिथे परत येतो.

आधी एक गाठ सोडवून घ्या. तुम्हाला साधना हवी आहे की धर्म बदलायचा आहे? माळ घातली, पारायण केलं, विपश्यनेला बसलात तरी दाखल्यावरचा धर्म तोच राहतो. धर्म बदलणं हा वेगळा निर्णय आहे आणि त्याचे परिणाम लग्न, आरक्षण, वारसा इथपर्यंत जातात. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे. बहुतेकांना हवी असते साधना, आणि चर्चा मात्र धर्माची चालते.

माळ

हा वारकऱ्यांचा मार्ग. तुळशीची १०८ मण्यांची माळ फडावरच्या (वारकऱ्यांच्या परंपरागत गटाच्या) महाराजांकडून किंवा गावातल्या दिंडीप्रमुखाकडून, ज्ञानेश्वरीवर ठेवून मग गळ्यात घातली जाते. सोबत चार नेम येतात: मांस-मद्य बंद, रोज हरिपाठ, दर पंधरवड्याची एकादशी आणि वर्षातून एकदा तरी पंढरीची वारी. हरिपाठ नुसता वाचला तर पंधरा मिनिटांत होतो, टाळावर चालीत म्हटला तर अर्धा-पाऊण तास लागतो. एकादश्या वर्षाला २४, अधिक महिना आला की २६. खर्च जवळजवळ नाही. बायकांना पूर्ण वाव आहे. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग रोजच्या भजनात असतात. गुरूचा धाकही हलका, कारण ग्रंथ आणि दिंडी हेच इथले शिक्षक.

मोडतं ते स्वयंपाकघरात. आषाढातच पंढरीची एकादशी असते आणि आषाढातच त्र्यंबोलीची यात्रा. म्हणजे घरातला एक जण वरीच्या भातावर आणि बाकीचे तांबड्या-पांढऱ्यावर. माळकऱ्याचं पातेलं, तवा आणि पळी पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवली तर सहसा निभावतं. रश्श्यात फिरलेली पळी गडबडीत आमटीत जाते आणि भांडणाची सुरुवात तिथून होते. ही व्यवस्था स्वयंपाक करणाऱ्या बाईशी आधी बोलून ठरवा, तिला न विचारता घातलेली माळ तिच्यावर दुसरी चूल लादते. माळ तुटली तर पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत जेवायचं नाही, ही जुनी शिस्तही आधी माहीत असावी. म्हणून बरेच जण एक जादा माळ घरात ठेवतात.

पंढरपूर लांब वाटत असेल तर आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला चालत जाणाऱ्या दिंडीत सामील व्हा. पुईखडीचं रिंगण बघून परत फिरू नका, नंदवाळपर्यंत चाला आणि वाटेत म्हटलं जाणारं भजन मनात उतरतं का ते पाहा. ज्याला माणसांत राहून, गाऊन, चालून मन लागतं, त्याला हा मार्ग फार लवकर आपलासा होतो. एकान्त हवा असणाऱ्याला टाळ-मृदंगाचा गजर दुसऱ्या दिवशीच जड जातो.

वाडी आणि गुरुचरित्र

नृसिंहवाडी शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. दत्ताचे अवतार मानल्या जाणाऱ्या नृसिंह सरस्वतींचं इथे १२ वर्षं वास्तव्य होतं आणि पूजा पादुकांची होते. दत्तभक्तांचा गाभ्याचा नेम म्हणजे गुरुचरित्राचं सात दिवसांचं पारायण. प्रचलित वाटणी अशी: पहिल्या दिवशी ९ अध्याय, दुसऱ्या दिवशी २१ पर्यंत, मग २९, ३५, ३८, ४३ आणि सातव्या दिवशी उरलेले सगळे. दुसरीही वाटणी चालते. तुमच्या घरी किंवा मठात चालते ती घ्या आणि मध्येच बदलू नका. रोज दोन-तीन तास धरा. दुसरा दिवस लांब असतो, नवख्याला त्या दिवशी जास्त लागतात.

सात दिवस ब्रह्मचर्य, जमिनीवर झोप, साधं जेवण, ठरलेली जागा आणि वेळ, अध्यायाच्या मध्ये उठायचं नाही. सोहेर-सुतक आलं तर वाचन थांबतं आणि दुसऱ्याकडून पुरं करून घेण्याची रीत आहे. त्यामुळे घरात कुणाचे दिवस भरत आले असतील किंवा कुणी अत्यवस्थ असेल तर तो आठवडा निवडू नका. बायकांनी मूळ ग्रंथ वाचावा का, यावर परंपरेत दोन मतं आहेत. काही ठिकाणी वाचतात, काही ठिकाणी नाही. टेंबे स्वामींचं सप्तशती गुरुचरित्रसार लहान आहे आणि सुरुवातीला कुणालाही सोपं जातं. ज्या मठात जाणार तिथे हे सरळ विचारून घ्या, ऐनवेळी अडवलं गेलं की मन कायमचं खट्टू होतं.

आमचं मत असं: पारायण बहुतेकदा अडचणीत सुरू होतं. नोकरी, मुलीचं लग्न, आजारपण. त्यात गैर काही नाही. पण मार्ग म्हणून निवडताना स्वतःला विचारा, की अडचण सुटल्यावरही पौर्णिमेला वाडीला जाईन का? सुटली नाही तरी जाईन का? दोन्हीला हो असेल तरच पुढे जा.

विपश्यना

हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ, रामलिंगच्या वाटेवर धम्मालय हे केंद्र आहे. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं, तेव्हा रजा बारा दिवसांची मागा. पहाटे ४ ला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, मध्ये साधारण दहा तास बैठक. मोबाइल, पुस्तक, वही सगळं जमा. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, खुणांनीसुद्धा बोलायचं नाही. साडेसहाला नाश्ता, अकराला शाकाहारी जेवण, पाचला नव्या साधकांना चहा-फळं असं हलकंच. शुल्क नाही. दानसुद्धा शिबिर पुरं केलेल्यांकडूनच घेतात.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वासाकडे आणि नाकाखालच्या जागेकडे लक्ष द्यायचं, याला आनापान म्हणतात. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते: डोक्यापासून पायापर्यंत संवेदना पाहत जायचं, चांगली धरायची नाही, वाईट ढकलायची नाही. तिथून पुढे दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसायचं. जागा सोडून जावंसं वाटतं ते बहुधा दुसऱ्या आणि सहाव्या दिवशी. हे ठाऊक असलं की माणूस तग धरतो. गुडघे हे दुसरं कारण. दोन महिने आधीपासून रोज वीस मिनिटं जमिनीवर बसायची सवय करा, आणि खरंच दुखणं असेल तर अर्जात लिहून खुर्ची मागा.

मानसिक आजार, नैराश्यावरची औषधं, फिट्स यांपैकी काहीही असेल तर अर्जात लपवू नका. एवढं लांब मौन काहींना झेपत नाही, उलट त्रास वाढतो. औषध स्वतःच्या मनाने बंद करणं तर सर्वांत घातक.

माळकऱ्यांनी एक पाहून ठेवावं. शिबिराच्या काळात जप, पूजा, उपवास सगळं थांबवायला सांगतात आणि माळ-गंडे आत आणू देत नाहीत. गळ्यातली माळ कधीच न काढणाऱ्याने अर्ज करण्याआधी केंद्राशी बोलावं, आणि त्या दहा दिवसांत एकादशी येते का ते पंचांगात पाहावं. शिबिर बाहेरून धर्मनिरपेक्ष वाटलं तरी आतली शिस्त एकनिष्ठ आहे.

खरी परीक्षा घरी आल्यावर. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळचा तास सुटतो आणि मग सकाळचा. इचलकरंजीत मागावर पाळी बदलत काम करणाऱ्याला तर ‘सकाळ’च दर आठवड्याला सरकते. अशांनी घड्याळ सोडून ‘उठल्यावर’ आणि ‘कामावरून आल्यावर’ असा नेम बांधावा.

जैन व्रतं, इष्टलिंग, सत्यशोधक वाट

शिरोळ-हातकणंगल्यात जैन शेजार पिढ्यान्‌पिढ्याचा आहे, बाहुबलीचा डोंगर सगळ्यांना परिचयाचा. सूर्यास्तानंतर जेवण नाही, पाणी गाळून, मद्य-मांस-मध वर्ज्य, ४८ मिनिटांचं सामायिक (समभावाने शांत बसणं), आणि गृहस्थासाठी पाच अणुव्रतं, म्हणजे अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य, अपरिग्रह ही व्रतं गृहस्थाला झेपतील एवढी. कंदमुळं काही कुटुंबं कायमची सोडतात, काही दशलक्षण पर्वापुरती. कायमची सोडली तर आपल्याकडे जवळपास प्रत्येक कालवणात जाणारी कांदा-लसूण चटणीच बाद होते, हे ध्यानात घ्या. इथली फार शहाणी गोष्ट म्हणजे नियम मुदतीचा घेता येतो: आठ दिवस, एक महिना, एक वर्ष. मोडण्यापेक्षा लहान घ्यावा आणि पुरा करावा, ही रीत कुठल्याही मार्गाच्या माणसाने उचलावी.

लिंगायत मार्गात दीक्षेनंतर इष्टलिंग (दीक्षेत मिळालेलं लहान लिंग) सतत अंगावर असतं आणि रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा होते. देऊळ लागत नाही, मध्यस्थ लागत नाही, कायक आणि दासोह मात्र लागतात: आपलं काम प्रामाणिकपणे करायचं आणि मिळालेलं वाटायचं. जे हाताने काम करतात त्यांना हा मार्ग जवळचा वाटेल.

विधी हवेत पण पुरोहित नको, देवाशी नातं सरळ हवं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सत्यशोधक पद्धत पाहावी. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सुरू केलेली ही चळवळ शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात रुजली, लग्न आणि वास्तुशांती या पद्धतीने होतात. ही रोजची साधना मात्र देत नाही. ती जोड तुम्हाला स्वतः द्यावी लागेल.

धर्मच बदलायचा असेल तर

इस्लाममध्ये पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे आणि वर्षभर साठलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात. ख्रिस्ती मंडळीत रविवारची उपासना आणि बाप्तिस्म्याआधी शिकवण. बौद्ध धम्मात त्रिशरण-पंचशील आणि १९५६ च्या दीक्षेतल्या २२ प्रतिज्ञा. या प्रतिज्ञा देव, अवतार, श्राद्ध-पिंडदान यांच्याशी स्पष्ट फारकत घेतात. घरातला देव्हारा ठेवून त्या घेता येत नाहीत, म्हणून आधी एकेक नीट वाचा.

कायद्याचं असं. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो. ख्रिस्ती किंवा मुस्लिम झाल्यास तो राहत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलं असेल आणि जोडीदाराने हिंदू, बौद्ध, जैन, शीख याबाहेरचा धर्म स्वीकारला तर दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो. आणि केवळ आंतरधर्मीय लग्नासाठी धर्म बदलत असाल तर तशी गरज नाही: १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ३० दिवसांची नोटीस देऊन दोघांनी आपापला धर्म ठेवून लग्न करता येतं.

चार महिने बघा

आपल्याकडे परीक्षेची मुदत आधीच ठरलेली आहे: चातुर्मास. आषाढी एकादशीला एकाच मार्गाचा नेम धरा आणि कार्तिकीपर्यंत पाळा. माळेकडे ओढा असेल तर माळ न घालता हरिपाठ, एकादशी आणि मांसाहार बंद. वाडीकडे असेल तर रोज एक अध्याय आणि दर पौर्णिमेला दर्शन. विपश्यनेकडे असेल तर चातुर्मासाच्या सुरुवातीलाच शिबिर करून उरलेले महिने घरी दोन तास, कारण शिबिरातून आल्याच्या पहिल्या पंधरवड्यात घेतलेले निर्णय टिकत नाहीत. जैन व्रतांसाठी रात्रीचं जेवण आणि सामायिक. दोन मार्गांचे नेम एकदम धरू नका. मोडलं तर कशामुळे मोडलं ते कळत नाही. मोडलेला दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि शेजारी कारण लिहा: पाहुणे, प्रवास, कंटाळा, घरचा विरोध. कंटाळा जास्त असेल तर मार्ग तुमचा नाही. पाहुणे आणि प्रवास जास्त असतील तर मार्ग बरोबर आहे, वेळ बदला.

या काळात कुणी औषध बंद करायला सांगितलं, घरच्यांपासून लपवायला सांगितलं, दीक्षेसाठी रक्कम ठरवली किंवा ‘आता सोडलंस तर वाईट होईल’ अशी भीती घातली, तर त्याच दिवशी उठून या. वर सांगितलेल्या एकाही मार्गाला यातलं काही लागत नाही.

कार्तिकीनंतरही नेम सुटावासा वाटत नसेल तर मग माळ, दीक्षा किंवा व्रत घ्या. माळ घालायची असल्यास दिंडीप्रमुखाला पंधरा दिवस आधी सांगून ठेवा, गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी घालण्याची सोय होते, आणि घरच्यांना त्या दिवशी काल्याला सोबत घेऊन जा.