मेमरी ड्रायव्हर कर्नलमधून काढून मॉड्यूल केला: पावसाळाभर वापरल्यावर

आमचं काम महापे एमआयडीसीत. तुर्भे, घणसोलीकडच्या गोदामांच्या फाटकांवर गाड्यांचे नंबर टिपणारे कॅमेराबॉक्स आम्ही बनवतो. आत एआरएम बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि कॅमेऱ्याची फ्रेम कॉपी न होता एन्कोडरपर्यंत (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागापर्यंत) जावी म्हणून डीएमए-बफ हीप, म्हणजे हार्डवेअरचे भाग आपसात वाटून घेतात ते मेमरी बफर पुरवणारा साठा. हा हीप ड्रायव्हर बोर्डासोबत आला तोच बिल्ट-इन, म्हणजे कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) बांधलेला. त्यातली एक ओळ बदलायची तरी अख्खा कर्नल बिल्ड करून साइटवर पाठवायचा, आणि बॉक्स परत वर येईपर्यंत जिवात जीव नाही. उन्हाळ्यात तो मॉड्यूल केला, म्हणजे कर्नलमध्ये नंतर लोड होणारी वेगळी फाइल. आता पावसाळा सरलाय, तेव्हा अनुभव लिहितोय.

केकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या बिल्ड-पर्यायांच्या फाइलीत) ‘बूल’चं, म्हणजे फक्त हो-नाहीचं, ‘ट्रायस्टेट’ करणं, म्हणजे मॉड्यूल हा तिसरा पर्याय देणं, एका ओळीचं काम. पण बिल्ड मारला की मॉडपोस्ट (बिल्डमधली मॉड्यूल तपासणी) अडतो: ड्रायव्हर कर्नलच्या आतल्या ज्या फंक्शन्सना हाक मारतो, त्यातली काही एक्सपोर्टच केलेली, म्हणजे मॉड्यूल्सना खुली केलेली, नसतात. इथे सरसकट एक्सपोर्ट करत सुटू नका. एकेक फंक्शन बघा, खरंच लागतंय का ते तपासा, आणि लागेल तेवढंच जीपीएल एक्सपोर्टमध्ये (फक्त जीपीएल परवान्याच्या मॉड्यूल्सना खुलं) टाका. शिवाय कर्नल ५.१६ पासून डीएमए-बफची सिम्बॉल्स (एक्सपोर्ट केलेली नावं) वेगळ्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या गटात, गेली आहेत, ती मॉड्यूलमध्ये इम्पोर्ट करावी लागते.

एक भाग मात्र कर्नलमध्येच राहिला पाहिजे, तो म्हणजे जागा राखून ठेवणं. डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलीतला) ‘रिझर्व्हड-मेमरी’चा भाग कर्नल बूटच्या अगदी सुरुवातीला वाचतो. मॉड्यूल लोड होईपर्यंत मेमरीचे तुकडे पडलेले असतात, मग सलग मोठा पट्टा मिळेलच असं नाही. म्हणून जागा कर्नलने धरायची आणि वाटप मॉड्यूलने करायचं, ही विभागणी आम्ही पक्की केली.

एक्झिट फंक्शन, म्हणजे मॉड्यूल उतरवताना चालणारं, मी मुद्दाम लिहिलं नाही. हीप एकदा नोंदवला की तो काढून घेण्याची सोय आमच्या कर्नलमध्ये नाही, मग मॉड्यूल उतरवता येणं धोक्याचंच. एक्झिट नसलं की ‘प्रॉक-मॉड्यूल्स’मध्ये (लोड झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीत) त्याच्यापुढे ‘पर्मनंट’ दिसतं आणि आरएममॉड ही मॉड्यूल उतरवणारी कमांड त्याला हात लावू शकत नाही. म्हणजे नवा ड्रायव्हर टाकायला रीबूट लागतोच. पण पाठवायची असते ती मॉड्यूलची एक छोटी केओ फाइल. कर्नल इमेज जशीच्या तशी राहते, त्यामुळे ड्रायव्हर बिघडला तरी बॉक्स बूट होतो आणि एसएसएचने दुरून आत शिरता येतं. मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच.

दुसरा फायदा अपेक्षेत नव्हता. प्रत्येक डीएमए-बफ आपल्या मालक मॉड्यूलचा एक रेफरन्स (‘वापरात आहे’ अशी नोंद) धरून ठेवतो. ड्रायव्हर बिल्ट-इन असताना मालक म्हणून काहीच नोंदलं जात नाही. आता ‘एलएसमॉड’ या मॉड्यूल्सची यादी दाखवणाऱ्या कमांडच्या तिसऱ्या रकान्यात जिवंत बफरचा आकडा सरळ दिसतो. आमच्या स्ट्रीमला सहा बफर लागतात. स्ट्रीम बंद करून चालू केला की आकडा खाली उतरून परत सहावर यायला हवा, पण एका साइटवर तो दर वेळी सहाने चढत होता. मग ‘डिबगएफएस’मधली (कर्नलच्या दोष-शोध फाइलींमधली) ‘बफइन्फो’ ही बफरची यादी उघडली, तर कॅमेऱ्यासोबत आलेली लायब्ररी बफरचे जुने डिस्क्रिप्टर (उघडलेले दुवे) बंदच करत नव्हती. त्या बॉक्सची मेमरी आठवड्याच्या शेवटी का संपते, हे कोडं तिथे सुटलं.

त्रास झाला तो बूटच्या क्रमाचा. जोरदार पावसात लाइट जाते-येते, बॉक्स वारंवार पूर्ण बंद होऊन पुन्हा बूट होतात, आणि आमचं ॲप कधीकधी हीपची डिव्हाइस फाइल तयार होण्याआधीच सुरू व्हायचं. ‘मॉड्यूल्स-लोड’मध्ये (बूटला लोड करायच्या मॉड्यूल्सच्या यादीत) नाव घातलं आणि सर्व्हिस त्या डिव्हाइसवर अवलंबून ठेवली. तेवढं पुरत नाही. डिव्हाइस फाइली सांभाळणाऱ्या यूडेव्हच्या नियमात त्या डिव्हाइसला सर्व्हिस चालवणाऱ्या ‘सिस्टमडी’चा टॅग हवाच, नाहीतर फाइल डोळ्यांसमोर असूनही सर्व्हिस वाट बघत बसते आणि टाइमआउट होऊन पडते.

कर्नल बदललात तर मॉड्यूलही त्याच बिल्डचं हवं, नाहीतर व्हरमॅजिक (मॉड्यूलवरची कर्नल आवृत्तीची खूण) जुळत नाही आणि लोडच होत नाही. आमच्या अपडेट स्क्रिप्टमध्ये ही तपासणी आता आधीच होते. ज्या बोर्डावर रूट फाइलसिस्टम यायच्या आधीच स्क्रीनवर चित्र लागतं आणि त्यासाठी हाच हीप वापरला जातो, तिथे मॉड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममध्ये) घालावं लागेल. तेवढी तयारी नसेल तर अशा बोर्डावर ड्रायव्हर बिल्ट-इनच राहू द्या.